ऑईल गेले कुठे?

या सदरातून आम्ही बहुधा रेशनकार्ड, मुलांची शिष्यवृत्ती, निराधारांचे अनुदान, जातपडताळणी अशा विषयांवर लिहीत असतो. या वेळी मात्र आम्ही गाडीच्या इंजिन ऑईलबद्दल लिहिणार आहोत. हे वाचून काही जण म्हणतील की, आमच्या दारात सायकल उभी, आम्हाला इंजिनशी काय देणेघेणे? परंतु आज आपल्या वस्त्यांतील किती तरी मुले दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, काहींनी हप्त्याने जुनी गाडी घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली आहे आणि मोटरसायकल तर घरटी एक झाली आहे. ऑईल संपल्यामुळे माणसावर चोरीचा आळ येऊ शकतो, हे आम्ही नुकतेच स्वतः पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्याचे असे झाले. आमचा सख्खा भाचा हिंगोलीत एका मालकाच्या गाडीवर होता. मालकाच्या तीन-चार गाड्या भाड्याने चालतात. भाच्याकडे सात आसनी डिझेल गाडी होती, दीड लाखाच्या पुढे पळालेली. २०२५ च्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीसाठी ही गाडी ठरली. हिंगोलीहून निघून, वाशीमवरून शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढून मंडळी नागपूरला पोचली. दर्शन झाले, पुस्तके घेतली, रात्री परतीला लागले. समृद्धीवरून उतरून वाशीमच्या अलीकडे आले, तोच समोर ऑईलचा लाल दिवा पेटला. भाच्याने गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिनातून टकटक आवाज सुरू झाला आणि मग ते जागीच जाम झाले. बायाबापड्या आणि लेकरे पहाटेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून होती.

गाडी ओढून हिंगोलीला आणली. गॅरेजमध्ये चेंबर खोलले, तर पाच लिटरच्या इंजिनातून जेमतेम सव्वा लिटर ऑईल निघाले, तेही डांबरासारखे. मालकाने कागद काढला. शेवटचे सर्व्हिसिंग होऊन साडेसात हजार किलोमीटर झाले होते आणि पुढचे दहा हजारांवर होते. म्हणजे मुदतीला अजून अडीच हजार किलोमीटर बाकी. मालक म्हणाला, "पाच लिटर भरल्याचं बिल माझ्याकडं आहे. खाली थेंब गळालेला नाही. मग पावणेचार लिटर ऑईल गेलं कुठं? तूच काढून विकलंस!"

इंजिनकामाचा अंदाज ऐंशी हजारांच्या पुढे गेला. भाच्याचा दोन महिन्यांचा पगार अडकला तो वेगळाच. रात्री आमची आक्का रडत रडत नरसीला आली. म्हणाली, "दादा, पैसे गेले तर जाऊ दे, पण पोराला चोर म्हणतात रे!" आम्ही तिला पाणी दिले आणि भाच्याला पहिला प्रश्न विचारला, "तू पट्टी कधी बघितली होतीस?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, मालकानं सांगितलं होतं, बॉनेटला हात लावायचा नाही. काय बघायचं ते सर्व्हिसिंगवाले बघतील."

इथे आम्ही आपल्या माणसाचीही बाजू झाकणार नाही. मालकाने मनाई केली होती हे खरे, परंतु मनाई आहे म्हणून तोंडानेही न विचारणे ही भाच्याची चूक होती आणि आम्ही त्याला ती तिथेच सांगितली. तथापि, चूक वेगळी आणि चोरी वेगळी. ऑईल चोरीला गेलेले नव्हते, ते जळाले होते. हे मालकाला पटवायचे, तर आधी आपल्याला कळले पाहिजे. आम्ही कारकून माणूस, शिक्षण बी. कॉम. इंजिनाची विद्या आमची नव्हे. पण हिशेब न जुळला की झोप येत नाही, ही आमची जुनी खोड. दोन-तीन मिस्त्र्यांकडे बसून आणि गाड्यांच्या पुस्तिका चाळून जे समजले ते येथे मांडतो.

आपल्या आजोबांच्या काळी बैलगाडीला वंगणाचा नळा लटकवलेला असायचा. लांबच्या गावाला निघताना आखाला वंगण दिल्याशिवाय गाडी जुंपत नसत, कारण कोरडा आख करकरतो, तापतो आणि झिजतो. मोटारीचे इंजिनही तसेच आहे, फक्त तेथे लोखंडावर लोखंड मिनिटाला दोन-तीन हजार वेळा फिरते. ऑईल त्या दोहोंमध्ये पातळ थर होऊन बसते, उष्णता वाहून नेते, काजळी धुऊन आपल्यात घेते आणि पिस्टन व नळकांडे यांच्यातली फट बुजवते. एवढी कामे ते एकटे करते.

आता ते कमी कसे होते? पिस्टनला रिंगा असतात. त्यातली खालची रिंग नळकांड्याच्या भिंतीवरचे ऑईल खरवडून खाली पाठवते. पण भिंतीवर थोडा ओलावा राहावाच लागतो, नाही तर पिस्टन घासेल. तो ओलावा इंधनाबरोबर जळतो. म्हणजे अगदी कोरे इंजिनसुद्धा थोडे ऑईल खाते. गाडी जुनी झाली, रिंगा झिजल्या किंवा काजळीने चिकटून बसल्या, की भिंतीवर जास्त ऑईल उरते आणि जास्त जळते. वरच्या बाजूला व्हॉल्व्हच्या दांड्यांना रबरी सील असतात. ती उष्णतेने कडक झाली की तेथूनही ऑईल झिरपते. डिझेल गाडीत टर्बो असतो, त्याचे सील गेले तरी तेच. शिवाय तापलेल्या ऑईलची वाफ इंजिनाच्या नळीतून पुन्हा हवेबरोबर आत ओढली जाते व जळून जाते. यातला एकही थेंब जमिनीवर पडत नाही. मालकाला जे कोडे पडले होते, त्याचे उत्तर हे असे आहे.

वेगाचाही यात मोठा हात असतो. नरसी ते हिंगोली आपण चाळीस-पन्नासने जातो. समृद्धीवर कमाल मर्यादा ताशी १२० ची. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूपर्यंत ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता चालू झाला. आपल्या मंडळींचा नागपूरचा प्रवास सोपा झाला ही आनंदाची गोष्ट, पण तासन् तास एकसारख्या वेगाने, भरलेल्या गाडीत, इंजिन जोरात फिरते तेव्हा भिंतींवर ऑईल जास्त उडते, ते जास्त तापते आणि जास्त जळते. जी जुनी गाडी गावात महिनाभर काही तक्रार करीत नाही, ती एका नागपूर फेरीत अर्धा लिटर पिऊन टाकू शकते.

आता आमचा आवडता भाग, म्हणजे आकडे. किती ऑईल जळाले तर ते चालण्यासारखे समजायचे? टोयोटाच्या पुस्तिकांत दर १,००० किलोमीटरला कमाल १ लिटरपर्यंत, तर ऑडीच्या पुस्तिकांत अर्धा लिटरपर्यंत खर्च होऊ शकतो असे छापलेले असते. बहुतेक चांगल्या गाड्या याच्या कितीतरी खाली राहतात, हेही खरे. पण हा आकडा आणि सर्व्हिसिंगची मुदत शेजारी शेजारी मांडून पाहा. दर हजाराला अर्धा लिटर, आणि सर्व्हिसिंग दहा हजारांवर. अर्धा गुणिले दहा, म्हणजे पाच लिटर! चेंबरच पाच लिटरचे. याचा अर्थ, ज्याला कंपनी "सामान्य" म्हणते त्या गतीने ऑईल जळाले, आणि मध्ये कोणी भरले नाही, तर सर्व्हिसिंगच्या तारखेला इंजिन पूर्ण कोरडे असेल. त्याच्या खूप आधी ते जाम होईल ते वेगळे.

भाच्याच्या गाडीचे गणित आम्ही असेच केले. साडेसात हजार किलोमीटर, दर हजाराला अर्धा लिटर, म्हणजे पावणेचार लिटर गेले. पाचातून पावणेचार वजा केले की सव्वा लिटर उरतात. गॅरेजवाल्याने मोजून काढले तेही सव्वा लिटरच. इतका जुळणारा ताळेबंद आम्हाला आमच्या कार्यालयातसुद्धा क्वचित बघायला मिळतो.

तेव्हा लक्षात घेण्याची गोष्ट एवढी की, ऑईल बदलण्याची मुदत आणि ऑईल पुरण्याची मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दहा हजार किलोमीटर हा आकडा ऑईलचा दर्जा किती टिकेल याचा आहे. ते तितके दिवस शिल्लक राहील, असे वचन कोणत्याही कंपनीने दिलेले नाही.

परदेशात यावरून मोठमोठी भांडणे झाली आहेत. अमेरिकेत टोयोटाच्या २००७ ते २००९ च्या काही कॅमरी गाड्यांची २.४ लिटरची इंजिने ऑईल खातात, अशी ओरड झाली. दोष पिस्टन आणि रिंगांशी निगडित होता. मग कंपनीला वॉरंटी वाढवावी लागली. तेथे परीक्षा कशी घेत, ते पाहण्यासारखे आहे. ऑईल खुणेपर्यंत भरून गाडी मालकाला द्यायची, आणि १,२०० मैलांनी, म्हणजे सुमारे १,९०० किलोमीटरनंतर, पुन्हा मोजायचे. एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडे कमी, इतके घटले तर इंजिन सदोष. ऑईल जळते हे तेथे कंपन्यांनीच मान्य केले. ड्रायव्हरने विकले, असे कोणी म्हटले नाही.

हीच परीक्षा आपल्याला घरी, एका वहीवर करता येते. पट्टीवर दोन खुणा असतात, वरची कमाल आणि खालची किमान. पुष्कळशा मोटारींत या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते. आपल्या गाडीचे किती ते पुस्तिकेत पाहावे. वरच्या खुणेपर्यंत ऑईल भरून किलोमीटरचा आकडा लिहायचा. खालच्या खुणेजवळ आले की पुन्हा आकडा लिहायचा. मधले किलोमीटर आणि भरावे लागलेले ऑईल यांचा भागाकार केला की आपल्या गाडीची भूक कळते. दर हजाराला पाव लिटरच्या आत असेल तर जुन्या गाडीला नावे ठेवू नयेत. ती भूक महिन्या-महिन्याला वाढत चालली असेल, तर मात्र मिस्त्रीला दाखवावे.

पट्टी बघण्याची रीत सोपी आहे, तरी दहापैकी आठ जण ती चुकीची करतात. गाडी सपाट जागेवर हवी. आमच्या नरसीत गल्ल्या कयाधूच्या बाजूला उतरत्या आहेत, तेथे उभ्या गाडीची पट्टी खोटे बोलते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑईल खाली निथळते. मग पट्टी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि तेव्हा वाचावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, कारण ऑईल तिच्यावर उडालेले असते. आमच्या घरी हे काम पत्नी करते. तिचे म्हणणे, वरणात पाणी किती आहे हे पळीने कळते, तसेच हे. यात पुरुषांनी एवढे गंभीर तोंड करण्यासारखे काय आहे? गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांबच्या प्रवासाला निघताना व परत निघताना दोन्ही वेळा पाहिले म्हणजे पुरे. भाच्याने नागपुरात परतीच्या वेळी पट्टी पाहिली असती, तर लिटर-दोन लिटर ऑईलवर काम भागले असते.

ऑईलचा रंग काळा दिसला म्हणून घाबरू नये. डिझेल गाडीत नवे ऑईलसुद्धा थोड्याच दिवसांत काळे होते, ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करीत असते. मात्र ऑईल दुधाच्या चहासारखे फिकट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, गाडी तेथेच थांबवावी. धुराचेही तसेच. निळसर धूर ऑईल जळण्याचा. सकाळी सुरू करताना एकदा निळा फुत्कार आला व मग थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. चढावर, जोर देताना निळा येत राहिला तर रिंगा. काळा धूर जादा इंधनाचा.

आणि तो लाल दिवा. फार जणांचा समज असा की, ऑईल कमी झाले की दिवा लागतो, मग भरू. तो दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचा दाब आहे की नाही ते सांगतो. दाब कधी जातो? चेंबरमधला पंप ऑईलऐवजी हवा ओढू लागतो तेव्हा. म्हणजे दिवा पेटला त्या क्षणी बेअरिंग कोरडी पडू लागलेली असतात. तेव्हा "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" असे म्हणू नये. जेथे असाल तेथे कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करावे.

आता भरायचे कोणते? डब्यावर ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑईल किती लवकर वाहते त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहते त्याचा. पुस्तिकेत जो आकडा दिला आहे तोच घ्यावा. "जाड टाका, खाणार नाही" असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. झिजलेल्या इंजिनात त्याने थोडा फरक पडतो, नाही असे नाही, पण पातळ ऑईलसाठी बनवलेल्या नव्या इंजिनाला दाट ऑईल पाजणे बरे नव्हे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची गाळणी असते. तिला कमी राखेचे ऑईल लागते, दुसरे घातले तर ती लवकर तुंबते. या गाड्यांत एक उलटा प्रकारही होतो. गाळणी साफ करण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते, ते गावातल्या तुटक फेऱ्यांत ऑईलमध्ये उतरते आणि पट्टीवर ऑईल वाढलेले दिसते. ते वाढलेले ऑईल नसून पातळ झालेले ऑईल आहे, आणि ते बदलावे लागते.

मोटरसायकलवाल्यांनी येथे कान द्यावेत. शंभर सीसीच्या मोटरसायकलमध्ये सगळे मिळून साधारण एक लिटर ऑईल असते. त्यातले अर्धे जळाले तरी मोटारीसारखा दिवा बहुधा लागत नाही. तिच्यात क्लचसुद्धा त्याच ऑईलमध्ये बुडलेला असतो, म्हणून मोटारीचे ऑईल मोटरसायकलला घालू नये, क्लच घसरतो. डब्यावर "जासो एमए" असे पाहून घ्यावे. पट्टी पुसून पुन्हा लावताना बऱ्याच गाड्यांत आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. आमच्या पिढीने लुना आणि जुन्या स्कूटरी चालवल्या. त्यांच्यात ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचे आणि ते जळायचेच. तेव्हा ऑईल जळते याचे कोणालाच नवल नव्हते. चार स्ट्रोकच्या गाड्या आल्या आणि आपण हे विसरलो.

सुटे ऑईल घेऊ नये. सीलबंद डबा घ्यावा, तारखेचे बिल घ्यावे आणि डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडून टाकावे, नाही तर त्याच डब्यात जळके ऑईल गाळून परत बाजारात येते. काढलेले जळके ऑईल नाल्यात किंवा कयाधूच्या पात्रात ओतणाऱ्यांना आम्ही हटकले आहे आणि शिव्याही खाल्ल्या आहेत. कायद्याने तो घातक कचरा ठरतो. गॅरेजकडून ते अधिकृत गोळा करणाऱ्याकडे जावे.

भरताना घाई करू नये, हे मात्र आम्ही स्वतः पोळून शिकलो. २०१२ साली आम्ही एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. उतारावर उभी असताना पट्टी पाहिली, ऑईल खाली दिसले, आणि आम्ही अख्खा लिटरचा डबा रिकामा केला. प्रत्यक्षात पाव लिटरच कमी होते. जादा ऑईलमध्ये क्रँक आपटत राहतो, ऑईलचा फेस होतो आणि फेस काही वंगण देत नाही. मागून धुराचा लोट, पुढून सील फुटून गळती, अशा थाटात आम्ही परतवारीच्या एकादशीच्या गर्दीतून वाट काढली. मिस्त्रीने जादा ऑईल काढले, सील बदलले आणि वर म्हणाला, "साहेब, तुम्ही फायलीच बघा." तेव्हापासून आम्ही पाव-पाव लिटर घालून, थांबून, पुन्हा पट्टी बघतो.

असो. भाच्याच्या प्रकरणाकडे वळू. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चार जण मालकाकडे बसलो. इंजिन खोलणारा मिस्त्री सरळ माणूस होता. त्याने झिजलेल्या, काजळीने चिकटलेल्या रिंगा टेबलावर ठेवल्या आणि पिस्टनवरचा काजळीचा थर दाखवला. आम्ही कागदावर साडेसात हजारांचे गणित मांडले. मालकाने ते दोनदा तपासले. मग आम्ही पगाराचा विषय काढला. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. नुकसानीपोटी पगारातून कपात करायची, तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असले पाहिजे, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करता येत नाही. सर्व कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. १९३६ च्या जुन्या वेतन कायद्यातही म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद होतीच. "बॉनेटला हात लावायचा नाही" हा हुकूम आपलाच होता ना, असे आम्ही मालकाला शांतपणे विचारले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "चोरीचं मी रागात बोललो." आम्ही म्हटले, हेच वाक्य जेथे चोर म्हटलात त्या स्टँडवर, त्याच माणसांसमोर म्हणा. तो आला आणि म्हणाला. एक महिन्याचा पगार त्याच दिवशी दिला, दुसरा दोन हप्त्यांत. पट्टी न पाहिल्याबद्दल भाच्याने काही भार सोसावा, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही ते मान्य केले नाही, पण त्यावरून आवाजही चढवला नाही.

भाचा आता दुसऱ्याच्या गाडीवर आहे. कामावर रुजू होण्याआधी आम्ही त्याला वीस रुपयांची वही घेऊन दिली आणि रकाने आखून दिले: तारीख, किलोमीटर, पट्टीवर कुठे, किती भरले, बिल, मालकाची सही. पहिल्या दिवशी सही मागताना पोरगा लाजला. नवा मालक म्हणाला, "हे चांगलंय, दर सोमवारी आण." दोन महिन्यांत तीन हजार किलोमीटर झाले, पाऊण लिटर ऑईल लागले, तिन्ही बिले चिकटवलेली आहेत. आक्का ती वही कपाटात, त्याच्या सनदांशेजारी ठेवते.

पहिल्या मालकाकडे नवा ड्रायव्हर आला आहे, सेनगाव भागातला, वीस-बावीस वर्षांचा. परवा हिंगोलीच्या स्टँडवर त्याच दुरुस्त केलेल्या गाडीपाशी तो भेटला. आम्ही विचारले, "बाळा, पट्टी बघतोस का?"

म्हणाला, "बॉनेट उघडायची मनाई आहे, काका."